सोनटक्का जमिनीत ठेवावा की काढून घ्यावा? (थंड प्रदेशातील बाग आणि उष्ण प्रदेशाची झाडे)

अंगणातली (लीड्स, इंग्लंड), १२ ऑक्टोबर

नमस्कार. गेली सहा वर्षे मी यॉर्कशायरमधील आमच्या घरामागच्या छोट्या बागेत सोनटक्का, कर्दळ, अळू आणि एक जपानी केळ वाढवीत आहे. केळ आणि कर्दळ यांनी मला कधी निराश केले नाही. अळूची पाने यंदा सुपाएवढी झाली. सोनटक्क्याचे मात्र दरवर्षी तेच होते, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

आत्ता, हे लिहीत असताना, खिडकीतून मला त्याचे सहा दांडे दिसत आहेत. छातीपर्यंत उंच आणि हिरवेगार आहेत. त्यांतील दोन दांड्यांच्या शेंड्यावर हिरव्या खवल्यांचे कणीस आले आहे. काल बोट लावून पाहिले, तर खवल्याच्या आत कळी हाताला लागते, पण अजून दोन-तीन आठवडे तरी ती बाहेर येईल असे वाटत नाही. आणि तेवढे दिवस आमच्याकडे उरलेले नाहीत. गेल्या वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री पहिला फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) पडला आणि सकाळी दांडे उकडलेल्या पालेभाजीसारखे लोंबत होते. कणीस तसेच मिटलेले राहिले. सहा वर्षांत एकदाच, एकच फूल पाहिले आहे.

आजवर मी दरवर्षी गड्डे खणून काढत आले, शेडमध्ये ठेवत आले आणि एप्रिलमध्ये पुन्हा लावत आले. आता प्रश्न असा आहे की हे गड्डे जमिनीतच राहू दिले, तर वसंतात त्यांना आयती सुरुवात मिळून फुले लवकर येतील का, की आमच्या चिकणमातीत ते कुजून जातील?

एक गोष्ट जाता जाता सांगते. येथील लोक ज्याला ‘एक्झॉटिक बॉर्डर’ म्हणतात आणि ज्यासाठी हौसेने पैसे मोजतात, तो केळ, कर्दळ, अळू आणि सोनटक्का यांचा जमाव माझ्या आजोळी, दापोलीजवळच्या घरी, न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटावर आपोआप वाढलेला असे. त्याला कोणी बाग म्हणत नसे. तो परसाचा ओला कोपरा होता. शेजारच्या बाईंनी पहिल्यांदा माझा वाफा पाहून कौतुक केले, तेव्हा मला तो कोपराच आठवला. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या हौसेचा नाही.

दक्षिणभिंत (दक्षिण डेव्हन)

अंगणातली ताई, मी येथे बावीस वर्षे अशीच झाडे वाढवीत आहे आणि त्यांतील बरीच गमावलीही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, इंग्लंडमध्ये अशी झाडे थंडीने जितकी मरतात त्याहून अधिक ती थंड ओलाव्याने मरतात. सुप्तावस्थेत गेलेला गड्डा पाणी ओढत नाही. त्याच्याभोवती नोव्हेंबर ते मार्च गार, हवा न खेळणारा चिखल राहिला, तर उणे तीन अंशही त्याला पुरतात, आणि तोच गड्डा कोरड्या, मोकळ्या मातीत याहून पुष्कळ थंडी सोसतो. तेव्हा तापमापकाकडे पाहण्याआधी वाफ्यात एक फूट खोल खड्डा करा, त्यात पाणी भरा आणि ते किती वेळाने जिरते ते पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल, तर गड्डे काढून घ्यावेत. पुढल्या वर्षी वाफा वीतभर उंच करावा आणि त्यात भरपूर खडी व पालापाचोळ्याचे खत मिसळावे.

दुसरी गोष्ट भिंतीची. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसाचे ऊन साठवते आणि रात्रभर सोडत राहते. तिच्या पायथ्याशी दोन हात रुंदीचा जो पट्टा असतो, तो बागेतील सर्वांत उबदार जागा. पण घराच्या छपराची पागोळी तेथे पडत नाही ना, हे आधी पाहा. पूर्वेची भिंत टाळा, कारण गोठलेल्या कोंबावर सकाळचे ऊन एकदम पडले की पेशी झपाट्याने वितळतात आणि हानी वाढते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. झाड जगणे आणि झाड फुलणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिला प्रश्न विचारला आहे, पण आपले दुःख दुसऱ्याचे आहे. गड्डा जमिनीत जगला तरी आपल्याकडील माती मे महिन्यापर्यंत गारच राहते आणि कोंब उशिराच वर येतात. तेव्हा जमिनीत ठेवल्याने फुले लवकर येतील, असे मला वाटत नाही.

नवखी

मी अलीकडेच न्यूकासलला राहायला आले आहे. ‘बॉर्डरलाइन हार्डी’ हा शब्द रोपांच्या चिठ्ठ्यांवर वारंवार दिसतो. त्याचा नेमका अर्थ कोणी सांगेल का? आणि चिठ्ठीवरील एच३, एच४ हे काय असते?

वनस्पतीवेडा (एडिनबरा)

नवखी, येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने वनस्पतींची थंडी सोसण्याची क्षमता एच१ ते एच७ अशा श्रेणींत मांडली आहे. एच७ म्हणजे उणे २० अंशांखालीही तगणारी झाडे. एच४ उणे ५ ते उणे १० सोसतात आणि एच३ फार तर उणे ५ पर्यंत. एच१ ही काचघरातली किंवा घरातली झाडे. आपण राहतो त्या भागातील नेहमीच्या हिवाळ्यात जे झाड कधी तगते आणि कधी मरते, त्याला बॉर्डरलाइन म्हणायचे. म्हणजे हा गुण झाडाइतकाच जागेचाही आहे. डिक्सोनिया हा ऑस्ट्रेलियातील वृक्षनेचा एच३ आहे. कॉर्नवॉलमध्ये तो उघड्यावर सुखाने राहतो आणि माझ्याकडे त्याच्या मुकुटात डिसेंबरमध्ये काड भरावे लागते.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे विभाग वेगळे असतात. ते प्रत्येक हिवाळ्यातील सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी काढून ठरवले जातात. त्या मोजणीने लीड्स आणि टेक्सासमधील डॅलस ढोबळमानाने एकाच, आठव्या विभागात येतात. डॅलसचा उन्हाळा मात्र आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा आणि लीड्सचा उन्हाळा महाबळेश्वरच्या पावसाळ्याशी नाते सांगणारा. हिवाळ्यातील एका रात्रीचा आकडा जुळला, म्हणून झाडाचे आयुष्य जुळत नाही. अंगणातली यांच्या सोनटक्क्याची अडचण नेमकी येथेच आहे. त्याला थंडी नडत नाही, त्याला उन्हाळा कमी पडतो.

आणखी एक बाब. एकच झाड नोव्हेंबरमध्ये उणे पाचला मरते आणि जानेवारीत उणे पाचला जगते. शरदात दिवस लहान होऊ लागले की झाड पेशींत साखर साठवते, पेशींची पटले बदलते आणि हळूहळू कणखर होते. बर्फ बहुधा पेशींच्या आत न होता त्यांच्यामधील पोकळ्यांत होतो आणि पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. ही तहान सोसण्याची तयारी झाडाला सवडीने करावी लागते. म्हणून ऑगस्टनंतर नत्राचे खत देऊ नये. त्याने येणारी कोवळी, रसरशीत वाढ पहिल्याच थंडीत जाते.

शिकागोची कर्दळ

आमच्याकडे हा प्रश्नच उरत नाही, कारण जमीनच गोठते. कर्दळ, अळू आणि सोनटक्का यांना येथे खणून काढण्यावाचून मार्ग नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवातून माझी पद्धत अशी ठरली आहे. पहिल्या फ्रॉस्टने पाने काळी पडेपर्यंत थांबायचे. मग दांडे वीतभर ठेवून कापायचे, गड्डे मातीसकट उचलायचे आणि तळघरात वर्तमानपत्रावर आठवडाभर पसरायचे. त्यानंतर ते किंचित ओलसर लाकडाच्या भुशात खोक्यात ठेवायचे. तळघराचे तापमान ५ ते १० अंशांच्या दरम्यान असावे. कर्दळीचे कंद पूर्ण कोरडे केले, तर मार्चपर्यंत सुकून काष्ठ होतात. सोनटक्क्याचे गड्डे त्याहूनही नाजूक असतात. त्यांना मी कुंडीतच, अगदी कमी ओल ठेवून झोपवते.

येथे बर्फाचा एक उपकार आहे, हेही सांगायला हवे. हातभर बर्फ साचला की त्याखालची जमीन उबदार पांघरुणात असल्यासारखी राहते. बर्फ न पडता नुसती कोरडी थंडी येते, तो हिवाळा झाडांना अधिक जड जातो.

आमच्या वस्तीत पूर्वी बरीच इटालियन कुटुंबे होती. त्यांपैकी एक आजोबा दर नोव्हेंबरला अंजिराच्या झाडाची एका बाजूची मुळे कुदळीने तोडून अख्खे झाड चरात आडवे करीत, त्यावर फळ्या टाकीत आणि माती लोटीत. एप्रिलमध्ये ते पुन्हा उभे करीत. न्यूयॉर्क आणि टोरांटोमध्येही इटालियन स्थलांतरितांची हीच रीत आहे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, झाड मेले म्हणून पुरत आहेत. ऑगस्टमध्ये त्यांनीच मला त्या झाडाची अंजिरे आणून दिली.

रानहळद (बर्मिंगहॅम)

मला येथे थोडा वेगळा विचार मांडायचा आहे आणि तो कोणाला दुखावण्यासाठी नाही. मीही दहा वर्षे हेच केले. दर ऑक्टोबरला फ्लीस, काड, कोंबड्यांची जाळी, खोकी. दर मे महिन्यात मेलेल्या झाडांची मोजदाद. २०१० चा डिसेंबर कोण विसरेल? या देशात १९१० पासून ठेवलेल्या नोंदींतील तो सर्वांत थंड डिसेंबर होता. त्या एका महिन्यात माझे दोन वृक्षनेचे आणि सगळी कॉर्डिलाइन (ताडासारखी दिसणारी झाडे) गेली. पुन्हा लावले. मग २०२२ साली जुलैत लिंकनशायरमधील कोनिंग्जबीला ४०.३ अंश झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या मध्यावर आठवडाभर बाग गोठून राहिली. एकाच झाडाने एका वर्षात हे दोन्ही कसे सोसावे?

त्यानंतर मी थांबले. आता माझ्याकडे येथील मातीतली झाडे आहेत आणि त्यांच्यावर येणाऱ्या मधमाश्या आहेत. सोनटक्क्याचाच भाऊबंद असलेला पिवळा हेडिकियम गार्डनेरियानम अझोर्स, हवाई आणि न्यूझीलंड येथील जंगलांत घुसून तेथील झाडोरा मारतो आहे, हेही आपण विसरू नये. जे झाड येथे राहायला तयार नाही, त्याला दरवर्षी बळजबरीने का ठेवावे?

अंगणातली

रानहळद, आपले म्हणणे मी दोनदा वाचले. गार्डनेरियानमविषयी आपण म्हणता ते खरे आहे. पण यॉर्कशायरमध्ये सोनटक्का कुंपण ओलांडून पळेल, ही भीती मला नाही, कारण त्याला येथे बी धरायलाही सवड मिळत नाही. माझ्या बागेचा तीन चतुर्थांश भाग हॉथॉर्न, फॉक्सग्लव्ह आणि रानगवताचा आहे. एक कोपरा मात्र माझा आहे. ‘बळजबरी’ हा शब्द मला लागला, हे प्रांजळपणे सांगते. झाडाला येथे राहायचे नाही असे म्हणण्यापेक्षा, त्याला काय हवे ते मला अजून नीट कळलेले नाही, असे मी म्हणेन.

दक्षिणभिंत, आपण सांगितलेला खड्डा आज सकाळी केला. संध्याकाळी सहाला त्यात चार बोटे पाणी होते.

यावलकर

मी जळगाव जिल्ह्यातला, घरची केळी. इंग्लंडमधील केळीविषयी मला काही कळत नाही, पण केळीच्या थंडीविषयी कळते, म्हणून लिहितो. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहाच्या खाली उतरले की केळीची वाढ थबकते. नवे पान सुटायला दुप्पट दिवस लागतात. त्याच काळात निसवण असेल, तर घड बाहेर पडताना गळ्यात अडकतो. त्यामुळे आम्ही लागवडीची वेळच अशी धरतो की निसवण थंडीत येऊ नये. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या बांधावर शेवरीची दाट रांग लावतो, कारण गार वाऱ्याने पाने फाटली की झाडाची अर्धी ताकद जाते. थंडीत पाणी शक्यतो रात्री देतो, विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते.

ताईंनी सांगितलेली जपानी केळ गोठून पुन्हा फुटते, याचे मला नवल वाटले. ती फळ देते का? आणि मुनवे (बुंध्याशेजारी फुटणारी पिले) किती ठेवता?

वनस्पतीवेडा

यावलकर दादा, तिचे नाव मूसा बास्जू. नाव जपानी असले तरी तिचे मूळ दक्षिण चीनमध्ये आहे. फळे लहान, बियांनी भरलेली आणि खाण्यास निरुपयोगी. जपानी हायकूकार बाशो यांनी आपले नाव याच केळीवरून घेतले. त्यांच्या झोपडीजवळ एका शिष्याने ती लावली होती.

ती जगते याचे कारण आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. केळीचा जो बुंधा दिसतो, तो खरा खोडाचा भाग नव्हे. ती पानांच्या देठांची गुंडाळी आहे. वाढीचा कोंब सुरुवातीला जमिनीच्या पातळीला, गड्ड्यात असतो. वरचे सगळे गोठले तरी गड्ड्यावर हातभर आच्छादन असेल, तर तो कोंब किंवा एखादा मुनवा वाचतो. पण बुंधा मेला की पुढल्या वर्षी शून्यापासून सुरुवात होते. म्हणून ज्यांना उंच केळ हवी, ते बुंध्याभोवती जाळीचा पिंजरा करून त्यात गव्हाचे कोरडे काड भरतात आणि वरून पाऊस जाणार नाही असे झाकण ठेवतात.

अंगणातली

मुनवे मी तीन ठेवते, दादा. घड कधी आला नाही आणि येईल अशी अपेक्षाही नाही. मला पाने हवी असतात. गणपतीत नैवेद्याचे पान माझ्या बागेतले असते.

यावलकर

मग तर केळीचे चीज झाले. पिंजऱ्यातले काड मार्चमध्ये वेळेवर काढा, ताई. आतून बुंधा नरम लागला, तर घट्ट, पांढरा भाग लागेपर्यंत थोडा थोडा कापत खाली या. आमच्याकडे गारपिटीनंतर आम्ही असेच करतो.

निफाडचा मळा

येथे फ्रॉस्टची चर्चा चालू आहे, म्हणून द्राक्षवाल्यानेही दोन शब्द लिहावेत असे वाटले. महाराष्ट्रात दव गोठते यावर बाहेरच्या लोकांचा विश्वास बसत नाही, पण निफाडचा पारा थंडीच्या लाटेत शून्याजवळ जातो आणि सकाळी वेलींच्या बुंध्याशी, गवतावर पांढरे कण दिसतात. अशा रात्री आम्ही पहाटे तीनपासून बागेत शेकोट्या लावतो आणि जमिनीला पाणी देतो.

त्या रात्रींनी मला तीन गोष्टी शिकवल्या. आभाळ मोकळे, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली, तरच फार भीती. ढग आले की जमिनीची ऊब अडून राहते. दुसरी गोष्ट, गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि सखल जागी साचते. माझ्या मळ्याच्या नाल्याकडच्या चार ओळी नेहमी आधी जातात. बांधावर गच्च कुंपण असेल, तर हवा त्याच्या आड धरणासारखी तुंबते, म्हणून मी खालच्या बाजूला कुंपणात वाट ठेवली आहे. तिसरी गोष्ट, कोरड्या भुसभुशीत जमिनीपेक्षा ओली, बसलेली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. येथे मात्र दक्षिणभिंत यांचे आणि माझे उलट पडते, कारण त्यांना ओल नको आहे. वेल आणि गड्डा यांचा हा फरक असावा.

दक्षिणभिंत

निफाडकर, उलट पडत नाही. आपल्याला एक रात्र निभवायची असते, आम्हाला पाच महिने. एका रात्रीपुरते पाणी उपकारक आणि पाच महिन्यांचे पाणी मारक. कुंपणातील वाटेचे आपण लिहिले, ते येथे अनेकांना उपयोगी पडेल. लीड्सची बरीच घरे उतारावर आहेत आणि बागेच्या खालच्या टोकाला फळ्यांचे भरीव कुंपण असते. अंगणातली, आपला वाफा त्या कुंपणाला लागून आहे का?

आणि तापमान कोठे मोजता? हवामान खात्याची हवेची नोंद जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर घेतली जाते. तेथे दोन-तीन अंश असतानाही खाली गवतावर फ्रॉस्ट असू शकतो. भ्रमणध्वनीवरील अंदाजावर विसंबून मी एका रात्रीत सगळी अळू घालवली होती. किमान-कमाल तापमापक वाफ्यातच, पानांच्या उंचीवर लावावा.

अंगणातली

होय. अगदी कुंपणाला लागून, बागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात. मी तो कोपरा ओला असतो म्हणून निवडला होता. आजोळची आठवण म्हणून. सहा वर्षे मी झाडांना गार हवेच्या तळ्यात उभे केले होते, हे आत्ता, निफाडच्या मळ्यातून कळते आहे.

नवखी

फ्लीस कितपत उपयोगी असते? आणि ते दिवसाही ठेवावे का?

दक्षिणभिंत

फ्लीस म्हणजे विणीशिवायचे पांढरे हलके कापड. एक थर साधारण दोन अंशांचा आधार देतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. ते पानांना चिकटून न राहता काठ्यांवर तंबूसारखे ताणलेले असावे आणि जमिनीपर्यंत पोहोचावे, कारण ऊब जमिनीतून येते. थंडी निवळलेल्या दिवशी ते काढावे. महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवलेले झाड आतून बुरशीने जाते. प्लास्टिकने कधीही गुंडाळू नये.

वनस्पतीवेडा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपला पांढरा सोनटक्का, हेडिकियम कोरोनेरियम, हा या कुळातील थंड प्रदेशासाठी सर्वांत अवघड सभासदांपैकी एक आहे. त्याला दीर्घ, उबदार, ओला हंगाम लागतो. क्यूबाने त्याला राष्ट्रीय फूल मानले आहे, यावरूनच त्याला मानवणाऱ्या हवामानाची कल्पना यावी. पण याच कुळात हिमालयाच्या वरच्या उतारांवरचे भाऊबंदही आहेत. हेडिकियम डेन्सिफ्लोरमचा ‘आसाम ऑरेंज’ हा वाण वनस्पतिशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९३८ साली आणला. ‘तारा’ हा केशरी फुलांचा वाण टोनी शिलिंग यांनी नेपाळमधून आणला. हे दोन्ही इंग्लंडमध्ये जमिनीत राहतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच फुलतात. येथे धाडसी बागा करणाऱ्यांनी, उदाहरणार्थ ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर येथे क्रिस्टोफर लॉइड आणि फर्गस गॅरेट यांनी १९९३ साली जुनी गुलाबबाग काढून एक्झॉटिक बाग केली तेव्हा, झाडांची निवड हीच अर्धी कला मानली.

माझा सल्ला असा की जमिनीत ‘तारा’ लावावा आणि पांढरा सोनटक्का कायमचा मोठ्या कुंडीत न्यावा.

कढीपत्ता कुंडीत (लेस्टर)

‘तारा’ला वास असतो का?

वनस्पतीवेडा

मंद असतो. पांढऱ्यासारखा नाही.

कढीपत्ता कुंडीत

मग उत्तर अपुरे आहे, क्षमस्व. ताईंना फूल हवे आहे, पण फूल म्हणजे तो वास. संध्याकाळी दिवेलागणीला दोन फुले केसांत माळली की घरभर दरवळ येतो, ते ‘तारा’ने कसे भागेल?

मी लेस्टरमध्ये पांढरा सोनटक्का तीन वर्षे सलग फुलवला आहे. कृती लिहिते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडी घरात, रेडिएटरजवळच्या खिडकीत आणते. तीन महिन्यांहून अधिक काळ ती घरातच असते आणि मे संपताना बाहेर जाते तेव्हा दांडे गुडघ्याएवढे झालेले असतात. म्हणजे मी हंगामाला पुढून तीन महिने जोडते. जूनपासून कुंडी चार बोटे पाण्याच्या परातीत उभी असते आणि आठवड्याला खत मिळते. आपणच लिहिलेत, ताई, की ते सांडपाण्याच्या पाटावर वाढे. तेच त्याला येथेही हवे असते, फक्त उन्हाळ्यात. सप्टेंबर संपताना रात्री १० अंशांखाली गेल्या की कुंडी पुन्हा घरात येते, कणीस आलेले असो वा नसो. फूल बहुधा ऑक्टोबरमध्ये स्वयंपाकघरात उमलते.

हिवाळ्यात न फुललेले दांडे कापत नाही. उजेडाच्या, आठ-दहा अंशांच्या जागी ठेवले तर ते हिरवे राहतात आणि पुढल्या वर्षी तेच दांडे आधी फुलतात.

रानहळद

कढीपत्ता, तुमचे वाचून मलाही आमच्या वाड्याच्या चौकातला सोनटक्का आठवला. मी वर ‘बळजबरी’ लिहिले, तो शब्द मागे घेते. झाडाची गरज ओळखून केलेली ही व्यवस्था आहे. माझा आक्षेप उघड्यावर लावून देवावर हवाला ठेवण्यापुरता राहील.

एक सूचना मात्र सर्वांसाठी. सुट्टीवरून परतताना भारतातून गड्डे, कंद, कढीपत्त्याची रोपे सामानात आणू नका. लावण्यासाठीच्या कोणत्याही वनस्पतीला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला आणि त्याच्यावर लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणारी कीड राहते. २०१४ साली युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्याबरोबर अळू, वांगी, कारली आणि पडवळ यांवरही किडींमुळेच बंदी घातली होती. आंब्याची ओरड सगळ्यांनी ऐकली, अळूची कोणी केली नाही. येथील रोपवाटिकांत ही सगळी झाडे मिळतात.

कढीपत्ता कुंडीत

रोपवाटिकेतूनही पारखून घ्या. एका ठिकाणाहून टपालाने मागवलेला ‘पांढरा सोनटक्का’ माझ्याकडे दोन वर्षांनी पिवळा फुलला.

अंगणातली, ३१ ऑक्टोबर

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते कळवते.

वाफा कुंपणापासून हलवायचे ठरले आहे. निफाडकरांच्या सांगण्यावरून खालच्या दोन फळ्या जमिनीपासून वीतभर उचलल्या. केळ तेथेच राहील, तिच्याभोवती जाळी उभी केली आहे आणि काड आणून ठेवले आहे. सोनटक्क्याचे चार दांडे गड्ड्यांसकट काढून शेडमध्ये ठेवले. कणीस आलेले दोन दांडे, मुळांभोवतीची माती न हलवता, बादलीएवढ्या कुंडीत बसवून स्वयंपाकघरात आणले. आम्ही दोघांनी मिळून ते उचलले आणि दारातून आणताना एक पान मोडले.

तापमापक अळूच्या उंचीवर लावला होता. काल रात्री तेथे उणे २.५ झाले. भ्रमणध्वनी तेव्हा १ अंश दाखवीत होता. सकाळी सातला अळू जमिनीवर आडवे होते आणि केळीची पाने काळपट हिरवी, पारदर्शक झाली होती, पण बुंधा दाबून पाहिला तर घट्ट आहे.

कणीस अजून मिटलेलेच आहे. खालच्या खवल्याच्या कडेला मात्र आज दुपारी पांढरी रेघ दिसते आहे. काल ती नव्हती. या खिडकीत दिवसाला फार तर चार तास ऊन येते. त्याला दिव्याचा उजेड द्यावा का, आणि पाणी किती ठेवावे?

कढीपत्ता कुंडीत

रेघ दिसली म्हणजे कळी वर सरकते आहे. दिव्याची गरज नाही, ऊब पुरे. माती ओली ठेवा, पण परात आता काढून टाका. कुंडी जागची हलवू नका आणि रेडिएटरपासून दोन हात दूर ठेवा, कोरड्या हवेने खवले वाळतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास जवळ जाऊन पाहत जा, तो त्याच वेळी उमलतो.

अंगणातली

परात काढली. पाचला पाहीन.